बाईंना विचारा : भिंत दगडाची, कप चहाचा

गेल्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून गेले होते, की इंग्रजीत नाम पुष्कळदा विशेषणाच्या पाटावर जाऊन बसतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी लालबागच्या एका रात्रशाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दिवसा गिरणीत, कॅन्टीनमध्ये, दुकानात राबणारी माणसं संध्याकाळी सात वाजता समोर येऊन बसायची. त्यामुळे माझी उदाहरणं पुस्तकातली कमी आणि तिथली जास्त असतात. सवय आहे, जात नाही.

प्रश्न : बाई, माझी मुलगी सातवीत आहे. सहामाहीत ‘ॲन ओल्ड मॅन सॅट ऑन अ स्टोन वॉल’ या वाक्यातली विशेषणं शोधायला सांगितली होती. तिने ‘ओल्ड’ आणि ‘स्टोन’ अशी दोन लिहिली. ‘स्टोन’वर फुली आली. क्लासचे सर म्हणतात उत्तर बरोबर आहे, शाळेतल्या मॅडम म्हणतात चूक. एका मार्कासाठी भांडायला जाणार नाही, पण खरं काय?
— एक आई, भांडुप

उत्तर : भांडायला जाऊ नका, पण मुलीने ‘स्टोन’ का लिहिलं ते बघा, कारण ही चूक आळसाची नाही. तिने वाक्य मनातल्या मनात मराठीत केलं असणार : म्हातारा दगडी भिंतीवर बसला. ‘दगडी’ हे विशेषण, म्हणून ‘स्टोन’ही विशेषण. हिशेब सरळ आहे. फक्त दगडाला ‘ई’ लावायचं काम मराठीने आधीच करून ठेवलंय, हे तिच्या लक्षात आलं नाही. लाकूड-लाकडी, सूत-सुती, पुणे-पुणेरी. चॉकलेट तर आपल्याकडे अगदी परवा आलं, त्यालाही आपण ‘ई’ लावून साडीचा रंग करून टाकला. इंग्रजीतही अशा शेपट्या आहेत. वुडचं वुडन होतं, वूलचं वूलन. पण स्टोनचं स्टोनी केलं की अर्थ हलतो. स्टोनी म्हणजे दगडगोट्यांनी भरलेली वाट, नाही तर पाझर न फुटणारा चेहरा. भिंतीला ते चालत नाही. मग इंग्रज माणूस सरळ दगड उचलतो आणि जसाच्या तसा भिंतीच्या आधी ठेवून देतो. स्टोन वॉल. प्रत्यय नाही, चा-ची-चे नाही, काही नाही.

आता तो दगड विशेषण झाला का? वर्गात मी तीन गोष्टी करून बघायला सांगायचे. आधी ‘व्हेरी’ लावा. व्हेरी ओल्ड मॅन होतो, व्हेरी स्टोन वॉल होत नाही. मग तुलना करा. ओल्डर आहे, ‘स्टोनर’ म्हणाल तर गर्दुल्ल्याला हाक मारल्यासारखं होईल. शेवटी तो शब्द ‘इज’च्या पलीकडे नेऊन ठेवा. द मॅन इज ओल्ड, ठीक. ही तिसरी चाचणी जरा फसवी आहे, कारण द वॉल इज स्टोन असंही इंग्रजीत म्हणतात. वस्तू कशाची बनली आहे ते सांगणारी नामं, स्टील, कॉटन, गोल्ड वगैरे, पलीकडे जाऊनही उभी राहतात. पण स्कूल बस घ्या. द बस इज स्कूल? मराठीतच म्हणून बघा, ‘ही बस फार शाळा आहे’. हसू आलं ना? मग झालं.

लग्नात पंगत बसली की मामा कमरेला उपरणं गुंडाळून जिलबी वाढत फिरतो. तेवढ्यापुरतं त्याचं काम वाढप्याचं. पण पंगत उठल्यावर त्याच्या हातावर कोणी वाढप्याची मजुरी ठेवत नाही, तो मामाच असतो. ‘स्टोन’चं तसं आहे. आपण व्याकरणात शब्दांच्या जाती म्हणतो ना, तर जात नामाची, काम विशेषणाचं. आजची इंग्रजी व्याकरणं हेच सांगतात, तेव्हा मॅडमची फुली बरोबर आहे. क्लासच्या सरांचंही अगदी हवेतलं नाही. मराठी व्याकरणात ‘कापड दुकान’मधल्या कापडाला नामसाधित विशेषण म्हणायची पद्धत आहे, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत हटकून असतं ते. सरांनी तीच फूटपट्टी इंग्रजीला लावली. मुलीला सांगा, पुढच्या वेळी असं लिही : ‘स्टोन’ हे नाम, इथे विशेषणाचं काम करतं. मग फुली मारताना मॅडमचाही हात जरा थबकेल.

आणि तिला हे अवघड वाटत असेल तर उद्या सकाळी तिलाच कांदेपोहे करायला लावा. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. मधलं ‘घालून केलेले’, ‘भरून केलेली’ आपण गिळून टाकलं. याला मध्यमपदलोपी समास म्हणतात, दोन-तीन वर्षांत तिला तो शिकवतीलच. स्टोन वॉल त्याच गोत्रातली. गिळलेले शब्द कुठले, ते ऐकणाऱ्याने आपल्या अकलेने भरायचे. कोकोनट ऑइल नारळातून निघतं, हेअर ऑइल केसांतून निघत नाही, लॅम्प ऑइल दिव्यात घालतात. खोबऱ्याचं तेल, केसांचं तेल, दिव्याचं तेल. बघा, आपला ‘चं’सुद्धा तिन्ही ठिकाणी वेगळंच बोलतोय आणि जन्मात कधी आपलं अडलं नाही. पाणीपुरीत पाणी पुरीच्या पोटात जातं, भेळपुरीत पुरीचाच चुरा भेळेत जातो; जुहूच्या चौपाटीवर उभं राहून कोणी समास सोडवत नाही. वडापाव मात्र या रांगेत बसवू नका. तो वडा आणि पाव, द्वंद्व समास. तिथे कोणी कोणाचं विशेषण नाही.

प्रश्न : माझं चपला-बुटांचं लहानसं दुकान आहे. नवी पाटी करतोय. वर मराठी मोठ्या अक्षरांत आणि खाली इंग्रजी. मी पेंटरला ‘शूज शॉप’ सांगितलं, मुलगा म्हणतो ‘शू शॉप’ पाहिजे. दुकानात काय एकच बूट आहे?
— एक दुकानदार, परळ

उत्तर : मुलाचं ऐका. आणि तुमचा हा सवाल मी पूर्वी एकदा ऐकलेला आहे, अगदी याच शब्दांत.

आमच्या रात्रशाळेत एक पाट्या रंगवणारा मुलगा होता. मुलगा कसला, दोन पोरांचा बाप. बोटांच्या पेरांत कायम निळा-लाल रंग, वहीवर त्याचे ठसे. अक्षर मात्र असं, की फळ्यावर तारीख लिहायचं काम मी त्यालाच दिलं होतं. एकदा मी नियम सांगितला, की पुढे उभं राहून विशेषणाचं काम करणारं नाम इंग्रजीत बहुधा एकवचनात असतं, कारण ते किती ते सांगत नाही, कसलं ते सांगतं. शू शॉप. बुक स्टॉल. टूथब्रशने आपण बत्तीस दात घासतो, पण म्हणून त्याला कोणी टीथब्रश म्हणत नाही. हा गडी पांढराफटक पडला. त्याच दिवशी त्याने चिवड्याच्या गल्लीजवळ एका दुकानावर ‘शूज शॉप’ काढून ठेवलं होतं, रंगही वाळला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो ब्रश आणि टर्पेंटाइन घेऊन दुकानदाराकडे गेला. दुकानदार म्हणाला, ‘एक बूट कोण विकत घेतो रे? माझी काय लंगड्यांची गिऱ्हाइकी आहे?’ नियम सांगून उपयोग होईना. शेवटी पेंटर म्हणाला, ‘शेठ, मी अक्षरावर पैसे घेतो. एस गेला तर तेवढे कमी.’ दुकानदार तत्क्षणी व्याकरणाच्या बाजूला आला.

तर एस काढा. मराठी माणसाची ही चूक का होते तेही सांगते. ‘बुटांचं दुकान’, ‘भाज्यांचं सूप’, ‘फुलांचा बाजार’ असं आपण बोलतो. आपलं अनेकवचन त्या सामान्यरूपात स्पष्ट ऐकू येतं, ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरतं आणि व्हेजिटेबल्स सूप शिजतं. आकडा आला की तर विचारूच नका. आपली लोकल बारा डब्यांची, त्यांची ट्वेल्व्ह-कार. आपली नोट दहा रुपयांची, त्यांची टेन-रुपी. ‘टेन-रुपीज नोट’ म्हणणारे मला रोज भेटतात. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला एस आहे तो वेगळ्या कारणाने. तिथे गार्डन हाच शेवटचा, मुख्य शब्द आहे, त्याच्या मागे आणखी कोणी उभं नाही. उद्या तिथे कोणी ‘फाइव्ह-गार्डन व्ह्यू’ म्हणून फ्लॅट विकायला काढला तर एस गळणार.

इंग्रजी इथे इतकी हट्टी आहे की जे शब्द एरवी एसशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्यांचाही एस काढून घेते. ट्राउझर्स, पण ट्राउझर पॉकेट. पायजम्याची गंमत बघा. आपल्याकडे तो एकवचनी होता. इंग्रजांनी नेला आणि दोन पाय मोजून त्याला अनेकवचनी पजामाज केलं. मग त्यावरचा सदरा आला तेव्हा परत पजामा टॉप! आपल्याच वस्तूचा एस आपल्याला परत केला म्हणायचा.

पण सावध, तुमच्या शेजारी कपड्यांचं दुकान असेल तर त्याची पाटी ‘क्लोद्स शॉप’च असेल. क्लॉथ म्हणजे थानातलं कापड, क्लोद्स म्हणजे शिवलेले कपडे. एस काढला तर मालच बदलतो. म्हणून जिथे एसवर अर्थ टांगलेला असतो तिथे तो राहतो. गुड्स ट्रेन, कस्टम्स ऑफिसर, आर्म्स रेस, स्पोर्ट्स टीचर. बँकेतलं बचत खातं हे सेव्हिंग्ज अकाउंट. ‘सेव्हिंग अकाउंट’ असं आपण सर्रास म्हणतो आणि लिहितोसुद्धा. बॅलार्ड इस्टेटला गेलात तर मात्र तिथल्या इमारतीचं नाव न्यू कस्टम हाउस आहे, एस नाही. इमारतीला कस्टम हाउस आणि आत बसणाऱ्याला कस्टम्स ऑफिसर. भाषा आहे, तिच्याकडून पोलिसी शिस्तीची अपेक्षा करू नका.

हां, बायका-पुरुषांची गोष्ट आणखी निराळी. वुमन डॉक्टर एक असेल तर वुमन, अनेक असल्या तर विमेन डॉक्टर्स, दोन्ही शब्द वाढतात. लेडी डॉक्टरच्या बाबतीत मात्र फक्त डॉक्टर वाढतात. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल धावली, तिथे लेडीज अनेकवचनात आहे, कारण गाडी त्यांची आहे, मालकीच्या अर्थाने. जुन्या शुद्ध लिखाणात तिथे अपॉस्ट्रॉफी दिली असती. आता ती कोणी देत नाही आणि मला तिची आठवणही येत नाही. सकाळी आठच्या गाडीत शिरताना अपॉस्ट्रॉफी कोण बघतं.

प्रश्न : ‘टी कप’ आणि ‘कप ऑफ टी’ एकच ना?
— नर्सिंगची विद्यार्थिनी, शीव

उत्तर : हा फरक मला एका कॅन्टीनच्या पोऱ्याने समजावला. मी फळ्यावर दोन्ही लिहून वर्गाला विचारलं, काय फरक आहे? कोणी बोलेना. दिवसभर चहा पोचवून दमलेला हा पोऱ्या मागच्या बाकावर डुलक्या घेत होता. डोळे न उघडता म्हणाला, “बाई, टी कप फुटला तर पगारातून कापतात. कप ऑफ टी सांडला तर नुसत्या शिव्या.”

मी खडू खाली ठेवला. याच्यापुढे काय शिकवणार?

टी कप म्हणजे भांडं, आत चहा असो वा नसो. कप ऑफ टी म्हणजे कपभर चहा. आमच्या लहानपणी आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं, वर चकचकीत पत्र्याचं पातळ बूच. रिकामी बाटली केंद्रावर परत द्यावी लागायची. ती रिकामी ती मिल्क बॉटल, भरलेली ती बॉटल ऑफ मिल्क. मराठीत मात्र दोन्हीला दुधाचीच बाटली. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘दुधाची बाटली फुटली?’ तेव्हा आम्ही आधी ‘रिकामी होती’ एवढंच सांगायचो, बाकीचं नंतर.

शब्द उलटे केले तरी असंच होतं. शेवटचा शब्द म्हणजे खरी वस्तू. महालक्ष्मीला होते ती हॉर्स रेस, तिच्यात धावतो तो रेस हॉर्स. काश्मीरला राहाल ती हाउसबोट, बोटी ठेवाल ते बोटहाउस.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी इंग्रजीत नोटीस लावली आहे : ‘बिल्डिंग टेरेस वॉटर टँक लीकेज रिपेअर वर्क एस्टिमेट कमिटी मीटिंग’. हे शुद्ध आहे का? अशी किती नामं एकापुढे एक लावता येतात?
— एक सभासद, कांजूरमार्ग

उत्तर : शुद्ध आहे, दुर्दैवाने. नामं दहा आणि विशेषण एकही नाही. मोजून घ्या. व्याकरण यात कुठेच हात धरत नाही, वाचणाऱ्याचा दम तेवढा धरतो. वर्तमानपत्रांचे इंग्रजी मथळे याच पद्धतीने जागा वाचवतात.

वाचायची युक्ती सोपी आहे. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, ते ढकलतं तेव्हा गाडी लोणावळ्याला पोचते. इंग्रजी नामांच्या गाडीचंही तसंच, जोर मागून येतो. शेवटचा शब्द पकडा आणि एकेक डबा पुढे या. मीटिंग. कोणाची? कमिटीची. कसली कमिटी? एस्टिमेटची. प्रत्येक सांध्यावर एक प्रश्न विचारावा लागतो आणि दर वेळी उत्तर वेगळ्या विभक्तीत येतं. मराठीत हीच नोटीस शब्दशः केली तर ‘इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या गळतीच्या’ इथपर्यंतच धाप लागते. आपले ‘च्या’ निदान मोठ्याने वाचताना लाज आणतात, इंग्रजीत मधे मोकळी जागा सोडली की झालं. सेक्रेटरींना सांगा, सरळ लिहा : गच्चीवरची टाकी गळते आहे, दुरुस्तीचा खर्च ठरवायला समिती रविवारी बसेल. लोक येतीलही.

मुंबईला ही सवय जुनी आहे. १८९६ ला प्लेगची साथ आली, त्यानंतर शहराची सुधारणा करायला १८९८ च्या कायद्याने एक मंडळ नेमलं. त्याचं नाव बाँबे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी याच ट्रस्टच्या आखणीतल्या. चार शब्द, चारही नामं. मी वर्गात हे नाव हमखास सोडवायला द्यायचे. ट्रस्ट कशासाठी, तर सुधारणेसाठी, चतुर्थी. सुधारणा कोणाची, शहराची, षष्ठी. ते शहर म्हणजे कोणतं, तर बाँबे. इथे विभक्तीच नाही, दोन्ही एकच. तीन सांधे, तिन्ही वेगळे, आणि वरून बघाल तर तिन्ही ठिकाणी नुसती मोकळी जागा. गिरणीतला एक साचेवाला म्हणाला होता, “बाई, यांनी दोरे लपवलेत.” तो कापडाकडे बघायची सवय असलेला माणूस होता, त्याला बरोबर दिसलं.

बेस्टचं मूळ नाव याहून चविष्ट. १९०५ ची बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. बाँबे नाम, इलेक्ट्रिक खरंखुरं विशेषण, सप्लाय नाम, ट्रामवेज पुन्हा नाम आणि तेही नियम मोडून अनेकवचनात, मग कंपनी. सगळे नमुने एका पाटीवर. यातल्या ‘इलेक्ट्रिक सप्लाय’ला एखादा चोखंदळ मास्तर आज कान धरेल. इलेक्ट्रिक ट्राम म्हणजे विजेवर चालणारी ट्राम, पण पुरवठा काही विजेवर चालत नाही, तो विजेचा असतो, म्हणून इलेक्ट्रिसिटी सप्लाय म्हणा असं तो सांगेल. म्हणजे इथे विशेषणापेक्षा नाम जास्त नेमकं! असंच हिस्टरी टीचरचं. इतिहास शिकवणाऱ्याला कोणी हिस्टॉरिकल टीचर म्हटलं तर त्याला म्युझियममध्ये बसवावं लागेल. ट्राम १९६४ ला बंद झाली. नावातल्या टीवर आता ट्रान्सपोर्ट बसलंय आणि इलेक्ट्रिक सप्लाय आहे तसा आहे.

प्रश्न : कॉटन ग्रीन स्टेशनच्या नावात विशेषण मागे का आलं? ग्रीन कॉटन हवं ना?
— एक वाचक, शिवडी

उत्तर : हिरवा कापूस कुठे पाहिलात? इथे ग्रीन हा रंग नव्हेच. इंग्रजी गावात मधोमध जे हिरवळीचं मोकळं मैदान असतं त्याला ग्रीन म्हणतात. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे पूर्वी बाँबे ग्रीन होतं. तेव्हा ग्रीन नाम आणि मुख्य शब्द, कॉटन पुढे उभा राहिलेला मामा. कापसाचं मैदान. विशेषण खरोखर मागे गेलेलं बघायचं असेल तर मुंबई सेंट्रलला उतरा.

प्रश्न : वेटिंग रूममध्ये खोली कोणाची वाट बघते?
— एक खोडकर, विलेपार्ले

उत्तर : तुमचीच. असो. ‘वेटिंग पॅसेंजर’मधला पॅसेंजर स्वतः थांबलेला असतो, ते धातुसाधित विशेषण. ‘वेटिंग रूम’मध्ये वेटिंग म्हणजे थांबणं, ते नाम झालं, थांबण्याची खोली. स्विमिंग पूल पोहत नाही, डायनिंग टेबल जेवत नाही. १८५४ ला मुंबईत पहिली कापड गिरणी काढायला कंपनी झाली तिचं नाव बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. कंपनी सूत कातत बसली नव्हती, कातणारे-विणणारे वेगळे होते आणि त्यांची नातवंडं माझ्या वर्गात होती.

प्रश्न : टूथब्रश जोडून, शू शॉप तोडून, कुठे मधे आडवी रेघ. नियम काय?
— मुद्रितशोधक, गिरगाव

उत्तर : तुम्ही विचारताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे, की पक्का नियम नाही. नवी जोडी तुटक लिहितात, लोकांच्या अंगवळणी पडली की कधी रेघ येते, कधी शब्द चिकटतात. ऑक्सफर्डच्या शॉर्टर कोशाने २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० रेघा एकदम उडवल्या. आइस क्रीम तोडलं, बम्बलबी जोडलं. आकड्याची जोडी नामाच्या आधी आली तर मात्र रेघ ठेवा, ट्वेल्व्ह-कार लोकल. बाकी एक कोश धरा आणि अंकभर त्यालाच चिकटून राहा.

प्रश्न : बाई, मी अंधेरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. परवा एका परदेशी पाहुणीला ‘आय ॲम ॲन इंग्लिश टीचर’ म्हणाले तर तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. वाक्यात काय चुकलं?
— एक शिक्षिका, अंधेरी

उत्तर : वाक्यात काही नाही, जोर चुकला असणार. ‘इंग्लिश’ नाम असेल, म्हणजे भाषा, तर बोलताना जोर ‘इंग्लिश’वर देतात आणि ‘टीचर’ हलकेच मागून येतो. ‘इंग्लिश’ विशेषण असेल, म्हणजे इंग्लंडचा माणूस, तर जोर ‘टीचर’वर पडतो. लिहिताना दोन्ही हुबेहूब एक. ग्रीनहाउस आणि ग्रीन हाउसही असंच. जोर पुढे दिला तर रोपं वाढवायची काचेची खोली, मागे दिला तर हिरवा रंग दिलेलं घर. आपल्याला हे अवघड जातं, कारण मराठीत असा जोर देऊन अर्थ बदलायची वेळ फारशी येत नाही, आपण दोन्ही शब्दांना सारखाच मान देतो. नियमही लोखंडी नाही. रस्त्यांची नावं बघा, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणताना इंग्रज जोर प्रिन्सेसवर देईल आणि ग्रँट रोड म्हणताना रोडवर.

मी वर्गात बाक वाजवायला लावायचे. जोराच्या शब्दावर मूठ, दुसऱ्यावर बोट. मूठ-बोट, इंग्लिश टीचर. मूठ-बोट, शू शॉप. मूठ-बोट, टी कप. शंभर वेळा वाजवलं की तोंडाला वळण पडतं. खालच्या मजल्यावर गणिताचा वर्ग भरायचा, तिथले सर वैतागून वर यायचे. तुम्ही घरी ओट्यावर वाजवा. नाही तर पुढच्या वेळी ती पाहुणी विचारेल, लंडनमध्ये तुमचं घर नेमकं कुठे.